बळवंतरावांना मिळालेला एक तारा

शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली तर माणूस सहन करतो. शेजाऱ्याचा मुलगा कॅनडाला गेला तर तोंडदेखलं हसून पेढाही खातो. पण जे काम आपण उभा जन्म केलं, तेच काम शेजाऱ्याने साठीनंतर सहज, वेळ जात नाही म्हणून सुरू करावं आणि वर त्यात नाव काढावं, यासारखी जळजळ दुसरी नाही. बडोद्याच्या गोरवा भागातल्या ‘स्नेहकुंज’ सोसायटीत राहणाऱ्या जनार्दन टिपणीसांना ही जळजळ गेल्या मार्गशीर्षात सुरू झाली. सुरुवातीला त्यांनी तिच्यावर ओवा खाल्ला, कारण बायकोला त्यांनी ती अॅसिडिटी म्हणून सांगितली होती.

जनार्दनराव बडोद्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. नोकरी सुटली, लाल पेन सुटलं नाही. सोसायटीतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका आधी त्यांच्या टेबलावरून जायची आणि मग प्रेसमध्ये. बिनपैशाचं काम, पण मान होता. एकदा तर तेराव्याच्या निमंत्रणातली वाक्यरचना सुधारून ते त्यांनी शोकाकुल मुलाच्या हातात परत ठेवलं होतं, आणि मुलानेही रडता रडता ‘थँक यू काका’ म्हटलं होतं. या सगळ्यावर कळस म्हणजे मंडळाची गणेशोत्सवातली स्मरणिका. बावीस वर्षं संपादक म्हणून तिच्यावर त्यांचंच नाव होतं. यंदा मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष, म्हणजे अंक जाडजूड, आत रंगीत पानं, आणि संपादकाचा फोटोसुद्धा छापायचा असं ठरलेलं. फोटोसाठी जनार्दनरावांनी कोट ड्रायक्लीनिंगला देऊनही ठेवला होता.

आणि अशा वेळी शेजारचे भास्करराव पेढे घेऊन आले.

भास्करराव रिफायनरीत सेफ्टी खात्यात होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सांगलीकडून आलेला माणूस. टिपणीस घराणं बडोद्यात चार पिढ्यांचं, संस्थानी चाकरीतलं, त्यामुळे जनार्दनराव त्यांना मनातल्या मनात अजूनही पाहुणाच समजत. हेल्मेट घाला, शिडी धरा, आग लागल्यास इकडून पळा, एवढंच लेखन ज्याने आयुष्यात केलं, त्या माणसाने सांगितलं की तो इंटरनेटवरच्या एका साइटवर मराठी मजकुराचं संपादन करतो. सहा कामं झाली, सहाही लोकांनी पाचपैकी पाच तारे दिले. त्याने मोबाइलवर ते तारे दाखवले. पिवळे होते. जनार्दनरावांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं की तुम्ही नेमकं करता काय. भास्करराव म्हणाले की फार काही नाही, शंका आली की आधी लेखकाला विचारतो, त्याने हो म्हटलं की बदलतो.

लेखकाला विचारतो. जनार्दनरावांनी दुसऱ्या पेढ्याकडे गेलेला हात मागे घेतला. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही लेखकाला काही विचारलं नव्हतं. सुतार काय लाकडाला विचारून रंधा मारतो?

नलिनीताईंनी मात्र तारे बघून भास्कररावांचं तोंडभर कौतुक केलं आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही पण करा ने असं काही. दिवसभर पेपरातल्या चुका मला वाचून दाखवता, त्यापेक्षा बरं.”

तरी हे एवढ्यावर थांबलं असतं. पण आठवड्याभरात मंडळाचे अध्यक्ष प्रतापसिंह यांचा फोन आला. प्रतापसिंह म्हणजे मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. गेल्या वर्षी जनार्दनरावांनी त्यांचं अध्यक्षीय मनोगत पाच पानांवरून दीड पानावर आणलं होतं, हे ते विसरले नव्हते. अमृतमहोत्सवी अंक जरा इंटरनॅशनल व्हावा असं कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं आहे, ते म्हणाले. आपल्यातच एक ऑनलाइन संपादक आहेत, पंचतारांकित, तर यंदा त्यांना संधी द्यावी की काय, याचा निर्णय पुढच्या महिन्यातल्या रविवारच्या सभेत घेऊ. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” असंही ते शेवटी म्हणाले, आणि जनार्दनरावांनी ते ताबडतोब मनाला लावून घेतलं.

हातात एक महिना होता. सभेत जाताना खिशात पाच तारे असायला हवेत, एवढं त्यांनी ठरवलं.

पुण्याच्या लेकीने, रसिकाने, व्हिडिओ कॉलवरून त्यांना साइटवर चढवायला घेतलं. हे चढणं पावागडापेक्षा अवघड निघालं. प्रथम साइटला जनार्दनराव जिवंत आहेत की नाही याची खात्री हवी होती. कॅमेऱ्यात बघा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डोळे मिचकवा. जनार्दनरावांनी डोळे मिचकवले, साइट म्हणाली चेहरा सापडला नाही. चष्मा काढला तर त्यांना साइट सापडेना. शेवटी नलिनीताईंनी मागे उभं राहून ‘आता डावीकडे, आता मिचकवा’ असं सांगितलं. समोरच्या गॅलरीतल्या शाहकाकी हा प्रकार बराच वेळ बघत होत्या आणि संध्याकाळी त्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.

मग पत्त्याचा पुरावा. घराचं लाइट बिल अजून जनार्दनरावांच्या वडिलांच्या, म्हणजे कैलासवासी बळवंतरावांच्या नावावर येतं. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण नाव बदलायला तिन्ही भावांच्या सह्या लागतात आणि मधला भाऊ बोलत नाही. दारावरची पाटीही वडिलांचीच आहे, पितळेची, आणि ती काढायला कोणाचा हात होत नाही. साइटने लाइट बिल बघितलं, खूश झाली आणि खातं उघडून टाकलं. नाव पडलं, बळवंतराव टी.

रसिका म्हणाली की सपोर्टला लिहा. जनार्दनरावांनी शुद्ध मराठीत सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं की प्रिय बळवंतराव, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. त्यांनी पुन्हा लिहिलं की बळवंतराव हयात नाहीत. त्याचंही लगेच उत्तर आलं, की खातेदार हयात नसल्यास खातं कायमचं बंद करण्यात येईल, करू का? जनार्दनरावांनी नको म्हणून कळवलं आणि वडिलांच्या नावाने धंद्याला लागले. फोटोच्या जागी त्यांनी आपल्या लाल पेनाचा फोटो लावला.

पहिले पंधरा दिवस कोणी कुत्रं फिरकलं नाही. ‘सात दिवसांत करोडपती’ या पुस्तकासाठी त्यांनी प्रपोजल टाकलं, त्यात नमुन्यादाखल जाहिरातीतल्याच अकरा चुका दाखवल्या. उत्तर आलं नाही. एका बाईंना केकच्या पाककृती तपासून हव्या होत्या. त्यांना जनार्दनरावांनी कळवलं की आपली प्रस्तावना अनावश्यक आहे. त्यांचंही उत्तर आलं नाही. तिकडे भास्कररावांचं सातवं काम झालं. सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारताना ते आपणहून सांगत, त्यात बढाई नसे, आणि तीच गोष्ट जनार्दनरावांना जास्त झोंबे. बढाई मारणाऱ्याचा निदान मनसोक्त राग तरी करता येतो.

एका सकाळी भास्करराव म्हणाले की अमेरिकेतून एक छान काम आलंय, कोणाच्या तरी घराण्याचा इतिहास आहे, बडोद्याचाच, मी आठवड्यात देतो म्हणून प्रपोजल टाकलंय. जनार्दनरावांना त्या दिवशी अचानक गुडघा दुखायला लागला. दुखऱ्या गुडघ्याने ते जवळजवळ पळतच फाटकाबाहेर आले, रिक्षा करून घरी पोचले आणि त्याच कामावर बळवंतराव टी. यांनी प्रपोजल टाकलं की तीन दिवसांत देतो.

काम बळवंतरावांना मिळालं. न्यू जर्सी, यू.एस.ए. असं त्यावर लिहिलेलं होतं. जनार्दनरावांनी ते तीनदा वाचलं आणि संध्याकाळपर्यंत स्नेहकुंज सोसायटीत असा माणूस उरला नाही ज्याला टिपणीसकाकांकडे अमेरिकेचं काम आलंय हे माहीत नव्हतं. भास्कररावांनी मनापासून अभिनंदन केलं आणि कसलं काम म्हणून विचारलं. जनार्दनराव म्हणाले की गोपनीय आहे. हा शब्द उच्चारताना त्यांच्या पोटातली जळजळ त्या महिन्यात पहिल्यांदा थांबली.

आता कामाची पद्धत. पडद्यावर दुरुस्त्या करता येतात हे रसिकाने त्यांना शिकवलं होतं, पण पडद्यावर लाल पेन चालत नाही. म्हणून ते सयाजीगंजमध्ये महेशभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, चौदा पानं छापून आणली, दोन दिवस बसून तपासली, आणि तिसऱ्या दिवशी स्कॅन करायला परत नेली. महेशभाईंनी एकेक पान काचेवर ठेवता ठेवता विचारलं, “काका, आटलुं बधुं लाल? कोई नापास थयो के शुं?”

नापास एक जण झालेच होते. लेखकाने आपल्या आईकडच्या पणजोबांबद्दल लिहिलं होतं की दत्ताजीराव हे महाराजांच्या हत्तीदळाचे सरदार होते आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत पहिल्या हत्तीवर बसत. आडनाव कुठेच नव्हतं, पण जनार्दनरावांना आडनावाची गरज नव्हती. दत्ताजीराव हे नाव त्यांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. लहानपणी त्यांच्या घरी कोणी ताटात टाकलं की आजोबा म्हणत, “वाढा ते दत्ताजीरावांच्या हत्तीला.” डाव्या पायाने लंगडणारे, कानात भिकबाळी घालणारे, हत्तीखान्याच्या चाराकोठीवरचे दत्ताजीराव. इथेही लंगडा पाय होता, मात्र तो लढाईत जायबंदी झालेला होता. भिकबाळीही होती, ती महाराजांनी दिलेली होती. शंकाच नको.

दुसरा एखादा माणूस थबकला असता. पैसे देणारा लेखक आहे, पणजोबा त्याचे आहेत, त्याला सरदार हवे तर असू देत. पण बडोद्यातल्या जुन्या मराठी माणसाला आपल्या घरात काय शिजलंय हे एक वेळ ठाऊक नसेल, दुसऱ्याचा पणजा संस्थानात कोणत्या हुद्द्यावर होता हे पक्कं ठाऊक असतं, आणि तो हुद्दा एका पायरीने जरी वाढलेला दिसला तरी त्याला घास गोड लागत नाही. इथे तर कोठीतला माणूस थेट अंबारीत बसला होता. जनार्दनरावांनी ‘सरदार’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि समासात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, “वस्तुस्थितीला धरून नाही. चाराकोठीवर कारकून होते. हत्तीवर बसल्याचे कोणास आठवत नाही. हत्तीपुढे ऊस टाकत. लढाईशी संबंध नाही, पाय कोठीच्या पायरीवरून घसरून मोडला.” असे पुढे नऊ ठिकाणी ‘सरदार’ होते. नऊही ठिकाणी त्यांनी कारकून केला.

दोन दिवसांनी निकाल लागला. पिवळा तारा एकच होता, बाकीचे चार करडे. खाली लिहिलेलं होतं, “एडिटर विद्वान असेल, पण त्याने माझ्या पणजोबांना हत्तीवरून खाली उतरवलं. एक तारा देतोय, कारण शून्य देता येत नाही.”

जनार्दनराव बराच वेळ त्या एका ताऱ्याकडे बघत बसले. वडिलांच्या नावापुढे एक तारा. बळवंतराव आयुष्यभर शाळेत मास्तर होते आणि कोणाला पस्तीसच्या खाली पाडत नसत. जनार्दनरावांना खरोखर वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता हेही मनात आलं की हेच काम भास्कररावांना मिळालं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, लेखक हो म्हणाला असता, सरदार सरदारच राहिला असता आणि आठव्यांदा पाच तारे पडले असते. खोट्याला पाच आणि खऱ्याला एक. त्यांनी ओव्याची बरणी पुढे ओढली.

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. जनार्दनराव रिकाम्या खिशाने, ड्रायक्लीन केलेला कोट न घालता गेले. अध्यक्षांच्या शेजारी भास्करराव बसले होते, म्हणजे बाकी सभेत काय व्हायचं ते उघड होतं. चहा झाला, मागच्या सभेचं इतिवृत्त झालं, आणि स्मरणिकेचा विषय निघाल्यावर प्रतापसिंह घसा खाकरून उभे राहिले.

ते म्हणाले की या ऑनलाइन संपादनाचा अनुभव मी स्वतः घेतला. अंकासाठी माझ्या आजोळच्या घराण्यावर एक लेख लिहिला होता. म्हटलं जनार्दनरावांना कशाला त्रास, ते अर्धा कापतात. न्यू जर्सीहून नातवाने तो साइटवर टाकला. आणि कोणी एक बळवंतराव निघाला. एवढं बोलून त्यांनी पिशवीतून चौदा पानं काढली. लांबूनसुद्धा ती लाल दिसत होती.

जनार्दनरावांनी कप बशीत ठेवला. पुढे काय होणार ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. पानं हातोहात फिरणार. सभेला अकरा माणसं होती आणि त्यातल्या निदान आठांच्या घरच्या लग्नपत्रिकेवर हेच अक्षर, हेच लाल, समासातल्या याच शेपट्या उमटलेल्या होत्या. अध्यक्षांनी तेवढं हे अक्षर पाहिलं नव्हतं, त्यांचं मनोगत कापलेलं थेट छापूनच आलं होतं. संपादकपद तर गेलंच, आता इभ्रतही अध्यक्षांच्या पणजोबांच्या पायाशी जाणार. माझ्या पणजोबांना कारकून म्हणणारा हा माणूस मला एकदा भेटावा, असं प्रतापसिंह सांगत होते आणि मिशीला हात लावत होते.

पानं पहिल्यांदा भास्कररावांच्या हातात आली. त्यांनी पहिलं पान बघितलं. मग वर न बघता दुसरं बघितलं. त्यांच्या दोन्ही मुलींच्या पत्रिका याच अक्षरातून गेल्या होत्या, आणि बळवंतराव नावाची पितळी पाटी ते रोज पेपर उचलताना बघत होते. अमेरिकेच्या कामाचंही त्यांनी आधीच ऐकलं होतं. दोन अधिक दोन करायला सेफ्टी खात्याची नोकरी लागत नाही. जनार्दनरावांनी डोळे मिटून घेतले, अगदी नीट, साइटला हवे होते तसे.

भास्कररावांनी पानांची घडी केली आणि ती आपल्या शबनम पिशवीत टाकली. मग सावकाश म्हणाले, “हे फिरवायला नको, साहेब. घराण्याची गोष्ट आहे, चार लोक चार तऱ्हेने बोलतील. मी स्वतः त्या साइटवर आहे म्हणून सांगतो, तिथे समोरचा माणूस कोण ते कळत नाही. अंक जनार्दनरावांकडेच राहू दे. ते निदान आपले आहेत.”

अकरा मुंड्या हलल्या. दोन मिनिटांत ठराव झाला. प्रतापसिंहांनी एकच अट घातली की दत्ताजीरावांचा लेख अंकात पहिला जाईल आणि त्यातला स्वल्पविरामही हलणार नाही. बावीस वर्षांत एकदाही कोणाची अट न ऐकलेले जनार्दनराव म्हणाले, “चालेल.”

बाहेर आल्यावर भास्कररावांनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि सेव उसळ खायला नेलं. तिखट रश्श्याच्या डिश समोर आल्यावर त्यांनी शबनममधून पानं काढून टेबलाखालून त्यांच्या हातात दिली. जनार्दनरावांना वाटलं, आता बोलेल, आता टोमणा मारेल. मारला असता तर फार बरं झालं असतं. पण भास्करराव पाव मोडत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी फक्त विचारलं, कारण विचारायची त्यांना सवयच होती.

“पण ते कोठीवर कारकून होते, हे तुम्हाला एवढं पक्कं कसं माहीत?”

“आमचे पणजोबा तिथेच होते,” जनार्दनराव म्हणाले.

“चाराकोठीवर?”

“हं.”

“कोण म्हणून?”

जनार्दनराव पाणी प्यायले. उसळ तिखट होती, पण इतकीही नव्हती.

“त्यांच्या हाताखाली,” ते म्हणाले. “कारकुनाची जागा सुटली तेव्हा ती आमच्या पणजोबांना मिळायची होती. दत्ताजीरावांना मिळाली.”

भास्करराव हसले नाहीत. हसायला जागा होती, हक्क होता, तरी हसले नाहीत. म्हणाले, “माझे पणजोबा तासगावला लोकांची गुरं राखायचे. त्यांच्यावर लेख लिहा म्हणून अजून कोणी सांगितलं नाही.” आणि त्यांनी जनार्दनरावांच्या डिशमध्ये आणखी थोडी शेव टाकायला सांगितली.

घरी आल्यावर जनार्दनरावांनी बायकोला सगळं सांगितलं. एक तारा सांगितला, चौदा पानं सांगितली, पणजोबाही सांगितले, जे लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही कधी सांगितले नव्हते. नलिनीताई निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून ऐकत होत्या.

“मग अंक तुमच्याकडेच आला ने,” त्या म्हणाल्या. “आता तरी जळजळ थांबली असेल.”

“वाढली,” जनार्दनराव म्हणाले.

“आता कशाने?”

“त्याचे पाच तारे मी कसेही सहन केले असते, नलिनी. उद्या मीही मिळवले असते. पण माणूस मनाने चांगला निघाला. आता त्या बाबतीत त्याला मी कुठे गाठणार?”

नलिनीताईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. मग हात पुसून उठल्या आणि महिनाभर टेबलावर ठाण मांडून बसलेली ओव्याची बरणी त्यांनी फळीवर परत ठेवून दिली.